मिरगाच्या पावसात घरबसल्या एक कोटी अंशांचा वायू कसा बघावा

मे महिन्यात रात्री नऊ-दहाला गुहागरच्या किनाऱ्यावरून कन्या रास जवळजवळ डोक्यावर असते. साध्या दुर्बिणीतून तिथली एम८७ ही लंबवर्तुळाकार दीर्घिका म्हणजे धुरकट ठिपका. मिरग लागला की तोही गेला, दुर्बीण चार महिने ट्रंकेत. पण या दीर्घिकेचा मला जास्त आवडणारा भाग, म्हणजे तिच्यातला तापलेला वायू, ढग नसतानाही इथून दिसत नाही, कारण तो क्ष-किरणांत चमकतो आणि क्ष-किरण वातावरणातच अडतात. तो उपग्रहाच्या डेटात बघायचा. ते काम भर पावसात होतं, फक्त लाईट हवी.

लंबवर्तुळाकार दीर्घिकांत वायू फारसा नसतो असं पूर्वी धरून चालत. १९७८ साली सोडलेल्या आइन्स्टाइन या क्ष-किरण टिपणाऱ्या उपग्रह-वेधशाळेने तो समज मोडला. म्हाताऱ्या ताऱ्यांनी टाकलेला वायू तिथे तापून एक कोटी अंशांच्या आसपास असतो, म्हणून नेहमीच्या प्रकाशात दिसत नाही. आणि विरळ इतका, की बहुतेक ठिकाणी घनसेंटिमीटरभर जागेत एक कणही धड भरत नाही.

पहिलं काम डेटा उतरवण्याचं. १९९९ साली अवकाशात सोडलेल्या चंद्रा या क्ष-किरण दुर्बिणीची जुनी निरीक्षणं सगळ्यांना फुकट मिळतात. चंद्राच्या डेटा-संग्रहात शोधाच्या जागी एम८७ टाका. यादीत बरीच निरीक्षणं पाच-पाच हजार सेकंदांची दिसतील. ती मधल्या कृष्णविवरापासून निघणाऱ्या झोतावर नजर ठेवण्यासाठी घेतलेली, आपल्या कामाची नाहीत. निदान तीस-चाळीस हजार सेकंदांचं निवडा आणि नावात 'ईव्हीटी२' असलेली फाइल घ्या. ती मोठी असते, म्हणून रात्री लावून झोपावं.

मग डीएस९ हा फुकटचा प्रोग्रॅम टाकून फाइल उघडा. समोर येतो तो फोटो नव्हे, नोंदवही आहे. वळवाचे पहिले थेंब पत्र्यावर पडतात तेव्हा ते मोजता येतात: हा इथे, तो तिथे, हा जरा जड. चंद्राचा कॅमेरा क्ष-किरणांचा एकेक कण असाच टिपतो. कुठे पडला, कधी पडला, ऊर्जा किती. चित्र आपण त्यातून मागाहून जमवायचं.

आता चाळणी. 'बिन'च्या खिडकीत ऊर्जेची मर्यादा ५०० ते २००० ठेवा. या तापमानाचा वायू, विशेषतः त्यातलं लोखंड, १००० च्या आसपास जोरात चमकतं. फार वर गेलात तर वायूचा वाटा घटतो आणि नको ती खरखर वाढते. मी पहिल्यांदा ०.५ ते २ असं टाकलं, कारण लेखांतून किलोइलेक्ट्रॉनव्होल्टच (म्हणजे हजार इलेक्ट्रॉनव्होल्ट) वाचले होते. फाइलमध्ये आकडे इलेक्ट्रॉनव्होल्टमध्ये असतात. पडदा कोरा! संध्याकाळभर नेटला शिव्या घातल्या, फाइल दोनदा परत उतरवली.

पुढे 'बिन' ४ करा, 'स्केल'मध्ये 'लॉग' घ्या, 'स्मूद' थोडंच लावा. फार लावलंत की सगळ्याची पेज होते. मधल्या उजेडातून दोन हात निघालेले दिसतील, एक पूर्वेला (म्हणजे चित्रात डावीकडे), दुसरा नैर्ऋत्येला. मधल्या कृष्णविवराच्या झोतांनी आतला वायू वर ढकलून ते झालेत. तापलेला वायू निवून त्याचे भराभर तारे का होत नाहीत, याचं बरंचसं उत्तर याच उलथापालथीत आहे.

मोजायचं असेल तर आधी खडे वेचा. ठळक ठिपके, केंद्र आणि झोत यांवर गोल काढून ते वगळा. राहिलेल्या पसाऱ्यात केंद्राभोवती कडी काढा आणि प्रत्येक कड्यातले कण क्षेत्रफळाने भागा. बाहेर जाताना आकडा उतरत जातो. पार्श्वभूमी वजा करताना मात्र चित्राचा कोपरा रिकामा समजू नका. एम८७ दीर्घिकांच्या कन्या समूहाच्या मध्यात बसली आहे, समूहाचा वायू चित्रभर पसरलेला असतो. त्यासाठी रिकाम्या आकाशाच्या तयार फाइली मिळतात, त्या वापरा. तापमान काढायला 'सिआओ' हे चंद्राच्या डेटासाठीचं सॉफ्टवेअर लागतं. ते शिकायला मला एक अख्खा श्रावण गेला.

अंतर मोजणं सोपं. एम८७ सुमारे ५.४ कोटी प्रकाशवर्षांवर आहे, म्हणून चित्रातला एक विकला (अंशाचा ३६००वा भाग) म्हणजे साधारण २६० प्रकाशवर्षं. डीएस९ची पट्टी केंद्रापासून झोताच्या टोकापर्यंत लावा. वीस विकलांच्या आसपास आलं, म्हणजे पाच हजार प्रकाशवर्षं, तर पट्टी बरोबर लागली. मग तीच हातांवर लावा.