चाळीस किलोबाइटचा संसार: चौघांनी मिळून फॅमिकॉमचा गेम करायचा तर

नव्वदच्या दशकात आपल्याकडे ‘टीव्ही गेम’ म्हणून जी यंत्रं विकली जात, त्यांतली बरीचशी निन्टेन्डोच्या १९८३ च्या फॅमिकॉमची नक्कल होती. त्या यंत्रासाठी हौशी मंडळी आजही नवे गेम लिहितात. याला होमब्रू म्हणतात. साधनं बहुतेक फुकट आहेत, माहितीही भरपूर आहे. तरी गट फुटतात, आणि फुटतात ते बहुधा जागेवरून. चित्रकाराने पार्श्वभूमीच्या चारशे टाइल (चित्राचे छोटे चौकोनी तुकडे) काढून ठेवलेल्या असतात आणि बसतात २५६. संगीतकाराने वापरलेला इफेक्ट गेममधल्या साउंड इंजिनला वाजवताच येत नाही. मग दोघांना ‘नाही’ म्हणायचं काम प्रोग्रामरच्या गळ्यात पडतं, तेही दोन महिन्यांची मेहनत झाल्यावर. म्हणून कोडची पहिली ओळ लिहिण्याआधी प्रोग्रामर, चित्रकार, संगीतकार आणि लेव्हल करणारा अशा चौघांनी बसून एक शीट करावी: कोणाला किती बाइट.

पहिल्या गेमला एनरॉम हाच कार्ट्रिजचा प्रकार धरा. त्यात प्रोग्रामसाठी ३२ किलोबाइट आणि चित्रांसाठी ८ किलोबाइट मिळतात, बँक (मेमरीचे आलटूनपालटून वापरायचे भाग) बदलण्याची भानगड नाही. ‘एवढ्यात काय होणार’ असं वाटत असेल तर १९८५ चा ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ याच ४० किलोबाइटमध्ये आहे, आणि २०१९ चा ‘मायक्रो मेजेस’ हा होमब्रू गेमही. मोठ्या मॅपरचा, म्हणजे बँक बदलणाऱ्या कार्ट्रिज-चिपचा, मोह आवरा. एमएमसी३ हा मॅपर घेतला की जागा वाढते, पण कोणता कोड कोणत्या बँकेत ठेवायचा हा नवा प्रश्न उभा राहतो आणि नवखा प्रोग्रामर त्यातच अडकून बसतो.

३२ किलोबाइटची वाटणी सुरुवातीला साधारण अशी ठेवावी: गेमचं लॉजिक आणि लायब्ररी १२, लेव्हल ८, संगीत आणि आवाज ६, मजकूर व शीर्षकाचा पडदा २, आणि ४ किलोबाइट राखीव. राखीव जागेला शेवटच्या महिन्यापर्यंत कोणी हात लावायचा नाही. बग दुरुस्त करताना कोड वाढतोच, आणि तेव्हा लेव्हल कापायची वेळ आली की भांडण ठरलेलं.

लेव्हलच्या ८ किलोबाइटचा हिशेब मजेशीर आहे. एक पडदा म्हणजे ३२ गुणिले ३० टाइल, म्हणजे ९६० बाइट, वर रंगांचे ६४. एकूण १०२४. तसाच्या तसा साठवला तर ८ किलोबाइटमध्ये आठ पडदे होतात, बस्स. त्याऐवजी चार टाइलचा एक ठोकळा, म्हणजे मेटाटाइल, धरली तर पडदा १६ गुणिले १५ म्हणजे २४० बाइटवर येतो आणि तीसहून जास्त पडदे बसतात. त्यावर सलग सारख्या ठोकळ्यांची रन-लेंग्थ पद्धत (ठोकळा आणि तो सलग किती वेळा, एवढंच साठवायचं) लावली की अजून वाव मिळतो. टाइल्ड या मोफत संपादकात लेव्हल काढायची आणि छोट्या पायथन स्क्रिप्टने बाइटमध्ये बदलायची. लेव्हल करणाऱ्याला प्रोग्रामरची वाट पाहावी लागता कामा नये.

चित्रांच्या ८ किलोबाइटचे दोन भाग पडतात: २५६ टाइल पार्श्वभूमीच्या, २५६ स्प्राइटच्या (पार्श्वभूमीवर हलणाऱ्या चित्रांच्या). एक टाइल ८ गुणिले ८ पिक्सेलची, १६ बाइटची. रंगांचं बंधन यापेक्षा जाचक आहे. पार्श्वभूमीला चार पॅलेट, प्रत्येकी तीन रंग, आणि सगळ्यांत सामाईक एक. शिवाय पॅलेट निवडता येते ती १६ गुणिले १६ पिक्सेलच्या चौकोनाला, एकेका टाइलला नाही. फोटोशॉपची सवय असलेला चित्रकार इथेच चिडतो. त्याला पहिल्या दिवसापासून एनईएस स्क्रीन टूलमध्ये काम करायला लावा, म्हणजे बंधन मोडता येतच नाही. काळ्या रंगाबद्दल एक सूचना: पॅलेटमधला शून्य-डी क्रमांकाचा काळा वापरू नका. त्याचा सिग्नल काळ्याच्याही खालच्या पातळीवर जातो आणि काही टीव्हींवर चित्र हलतं. शून्य-एफ वापरा.

आपल्याला मराठीत गेम करायचा असेल तर आणखी एक अडचण येते, आणि इंग्रजी मार्गदर्शिकांत तिचा उल्लेख नसतो. रोमन अक्षरं आणि अंक मिळून ३६ टाइलमध्ये काम भागतं, पण आठ पिक्सेल उंचीत शिरोरेघ, वरची मात्रा आणि खालचा उकार मावत नाहीत. देवनागरीला १६ पिक्सेल उंची हवी. त्यात एकेक अक्षराचा फाँट करायला गेलात तर जोडाक्षरं आणि मात्रांमुळे टाइल संपतात. त्यामुळे फाँट करूच नका. लागणारे शब्द मोजून घ्या (‘सुरू करा’, ‘गुण’, ‘खेळ संपला’), ते अखंड चित्र म्हणून काढा, टाइलमध्ये कापा आणि सारख्या निघालेल्या टाइल एकत्र करा. सहा रकान्यांच्या ‘सुरू करा’ला दोन ओळी धरून बारा टाइल लागतात. अंक मात्र ८ गुणिले ८ मध्ये नीट बसतात. फक्त ५ आणि ६ जुन्या टीव्हीवर वेगळे वाचता येतात ना, ते पाहा. संवादांनी भरलेला गेम पहिल्या खेपेला निवडूच नये, हेही यातून आलंच.

स्प्राइट एकूण ६४, पण एका आडव्या ओळीवर फक्त आठ दिसतात. नववा काढलाच जात नाही. सोळा पिक्सेल रुंद नायकाला ओळीवर दोन स्प्राइट लागतात, म्हणजे नायक आणि त्याच रुंदीचे तीन शत्रू एका पातळीत आले की कोटा संपला, आता गोळीला जागा नाही. लेव्हल करणाऱ्याने हा नियम पाठ करावा. प्रोग्रामरने दर फ्रेमला (पडद्यावरच्या प्रत्येक नव्या चित्राला) स्प्राइटचा क्रम फिरवावा, म्हणजे जास्तीचा स्प्राइट कायमचा गायब न होता लुकलुकतो.

आता प्रोग्रामरकडे वळू. सुरुवात सीसी६५ या कंपायलरने, सी भाषेत, नेसलिब लायब्ररी घेऊन करावी. असेंब्ली नंतर, आणि तीही जिथे वेळ कमी पडतो तेवढ्याच भागासाठी. कामाची मेमरी, म्हणजे रॅम, एकूण २०४८ बाइट: त्यातले २५६ हार्डवेअर स्टॅकचे, २५६ स्प्राइटच्या यादीचे. उरलेल्या १५३६ मध्ये सगळा गेम, संगीताचं इंजिन धरून. या प्रोसेसरवर सीमधले लोकल व्हेरिएबल महाग पडतात, म्हणून ग्लोबल किंवा स्टॅटिक घ्या. शक्य तिथे ‘अनसाइन्ड कॅर’ वापरा. गुणाकार-भागाकाराची सूचना या प्रोसेसरमध्ये नाहीच, तेव्हा दोनच्या घातांत शिफ्ट करा किंवा तक्ता ठेवा.

एका फ्रेमला एनटीएससी (सेकंदाला ६० फ्रेमच्या) यंत्रावर प्रोसेसरच्या सुमारे २९,७८० सायकल मिळतात. पण पडद्याच्या मेमरीत लिहायला फक्त व्हीब्लँकचा (दोन फ्रेमच्या मधल्या विरामाचा) वेळ, साधारण २,२७०. स्प्राइटची यादी पाठवण्यात त्यातले ५१३ जातात. साध्या लूपमध्ये एका बाइटला पंधराएक सायकल लागतात, म्हणजे फ्रेममागे शंभरेक बाइट. तीस टाइलचा एक उभा रकाना सहज जातो, अख्खा पडदा जात नाही. त्यासाठी चित्र बंद करून लिहावं लागतं. वेळ चुकवून लिहिलं की पडद्यावर कचरा दिसतो. टाइल लिहिल्यावर स्क्रोल पुन्हा सेट केला नाही तर चित्र उडी मारतं, कारण पत्ता आणि स्क्रोल यांसाठी चित्र काढणाऱ्या चिपच्या आतले रजिस्टर तेच असतात.

वेळ कुठे जातोय हे पाहायची सोपी युक्ती: लॉजिक सुरू होताना चित्र करडं करणारा बिट थेट रजिस्टरमध्ये चालू करा, संपताना बंद करा. पडद्याचा जितका भाग करडा, तितका वेळ खर्च झाला. पट्टा तळाला टेकला की गेम मंदावणार. अशा वेळी आधी टकरींच्या तपासणीकडे पाहा. अर्धे शत्रू सम फ्रेमला, अर्धे विषम फ्रेमला तपासले तर खेळणाऱ्याला फरक कळत नाही.

संगीतकाराला पाच वाहिन्या मिळतात: दोन पल्स, एक ट्रँगल, एक नॉइज आणि एक नमुन्यांची (ध्वनिमुद्रित तुकड्यांची). ट्रँगलला आवाजाची पातळी नाही, ती एक तर वाजते किंवा गप्प असते. शिवाय उडीचा किंवा गोळीचा आवाज वाजताना तो एखादी वाहिनी ओढून घेतो, म्हणून मुख्य चाल आणि आवाज एकाच पल्सवर ठेवू नका. संगीत रचायच्या फॅमिट्रॅकरमध्ये जे वाजतं ते सगळं गेममध्ये वाजेल असं नाही. फॅमिटोन२ इंजिन घेतलं तर व्हॉल्यूमचा रकाना आणि बहुतेक इफेक्ट चालत नाहीत, आवाजाचे चढउतार इन्स्ट्रुमेंटमध्येच बसवावे लागतात. हे संगीतकाराला आधी सांगा.

नमुने वापरायचे ठरलं तर आणखी एक जुनी खोड लक्षात ठेवा. नमुना वाजत असताना कंट्रोलर वाचला की कधीकधी एक जादा टिक मोजला जातो आणि न दाबलेलं बटण, बहुधा उजवीकडचं, दाबल्यासारखं होतं. उपाय: कंट्रोलर दोनदा वाचा, दोन्ही उत्तरं जुळेपर्यंत.

काम वाटून घ्यायचं तर गिट (फाइलींतल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन) हवंच, पण बाइनरी फाइली त्यात जुळवता येत नाहीत. दोघांनी एकाच दिवशी तीच टाइल-फाइल बदलली तर एकाचं काम गेलं. त्यामुळे टाइल-फाइलचा मालक एकच, संगीताच्या फाइलचाही एकच. बाकीच्यांनी बदल हवा असेल तर मालकाला सांगायचं. बिल्ड एका कमांडवर व्हायला हवं, चित्रकाराच्या लॅपटॉपवरसुद्धा. लिंकरची (कोडचे तुकडे जोडून रॉम बनवणाऱ्या साधनाची) मॅप-फाइल दर बिल्डनंतर उघडा आणि उरलेले बाइट शीटमध्ये भरा. एनरॉमची पूर्ण रॉम-फाइल, म्हणजे गेमची तयार फाइल, बरोबर ४०,९७६ बाइटची असते: ३२,७६८ अधिक ८,१९२ अधिक सोळा बाइटचं हेडर. आकडा वेगळा आला तर लिंकरची कॉन्फिग फाइल तपासा, एम्युलेटरला (संगणकावर त्या यंत्राची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामला) दोष देऊ नका.

एम्युलेटर मेसेन घ्या. त्याच्या सेटिंगमध्ये सुरुवातीची रॅम ‘रँडम’ करून ठेवा. खऱ्या यंत्रात चालू करताना मेमरीत काहीही असतं. शून्य असेल असं गृहीत धरलेला गेम तुमच्याकडे चालतो आणि दुसऱ्याकडे पहिल्याच पडद्यावर अडकतो. न भरलेली मेमरी वाचली की थांबायची सोयही डीबगरमध्ये आहे.

नंतर खरं यंत्र. भारतातली जुनी नकली यंत्रं पाल टीव्हीसाठी असल्याने ५० फ्रेमवर चालतात. ६० धरून केलेला गेम आणि त्याचं संगीत तिथे सहाव्या हिश्शाने मंद होतं. दोन्ही वेग चालवायचे असतील तर सुरुवातीला एका फ्रेमच्या सायकल मोजून यंत्र ओळखावं आणि संगीताचा टेम्पो त्याप्रमाणे ठरवावा. कार्ट्रिजही पाहून घ्या: फॅमिकॉमला ६० पिन, अमेरिकी एनईएसला (फॅमिकॉमच्याच परदेशी आवृत्तीला) ७२. जुने टीव्ही वरच्या आणि खालच्या कडा खातात, गुणसंख्या कडेपासून सोळा पिक्सेल आत ठेवा.

दुसऱ्याच्या गेममधली चित्रं किंवा सूर घेऊ नका, ‘सरावापुरतं’ म्हणूनही नाही. ते शेवटपर्यंत आत राहतात. कोड, चित्रं आणि संगीत कोणाच्या मालकीचं, विक्री झाली तर वाटा किती, आणि कोणी मध्येच सोडून गेलं तर त्याचं काम वापरायचं का, हे त्याच शीटच्या दुसऱ्या पानावर लिहून सर्वांनी ‘मान्य’ लिहावं.

नोकरीच्या दृष्टीने: गेम स्टुडिओंपेक्षा एम्बेडेड (उपकरणांच्या आत चालणाऱ्या प्रोग्रामच्या) क्षेत्रात याचा थेट उपयोग होतो. रजिस्टर, इंटरप्ट, मेमरी मॅप, ठरलेल्या वेळेत काम उरकणं, हे सगळं फर्मवेअरमध्ये रोजचं आहे. मुलाखतीला नुसती रॉम दाखवू नका. एक पानी मेमरी मॅप, करड्या पट्ट्याचे आधी-नंतरचे दोन स्क्रीनशॉट आणि कोणता भाग तुमचा हे दाखवणारा कमिट-इतिहास सोबत न्या. प्रश्न त्यावरच येतात.