महागडा चाकू रोज वापरणार असाल तर या चुका टाळा

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातील माझ्या छोट्या वर्कशॉपच्या बाकावर दर आठवड्याला एखादा तरी परदेशी बनावटीचा घडीचा चाकू धार लावण्यासाठी येतो. लेथवरचे काम आटोपल्यावर मी हे आवडीने करतो आणि त्याचे पैसे घेत नाही, त्यामुळे मित्रांबरोबर त्यांच्या ओळखीपाळखीचेही येतात. १५-२० हजार रुपये मोजून घेतलेला चाकू दोन-तीन महिन्यांत ज्या अवस्थेत माझ्यासमोर ठेवला जातो, ती पाहून मन खट्टू होते. चाकूत खोट नसते. त्याच्याकडून भलतेच काम करून घेतलेले असते, आणि ते काम दर वेळी तेच चार-पाच प्रकारचे असते.

जास्त पैसे मोजल्याने नेमके काय मिळते, येथूनच गैरसमजाला सुरुवात होते. स्विस व्हिक्टोरिनॉक्सच्या ओळखीच्या लाल चाकूचे पाते रॉकवेल या कडकपणाच्या मापावर साधारण ५६ इतके कडक असते. महागड्या चाकूंत वापरले जाणारे एस३०व्ही हे पोलाद ५९ ते ६१ पर्यंत कडक करतात. त्यात सुमारे १.४५ टक्के कार्बन, १४ टक्के क्रोमियम आणि ४ टक्के व्हॅनेडियम असते. व्हॅनेडियम आणि कार्बन मिळून बनलेले कण, म्हणजे कार्बाइड, अतिशय कठीण असल्यामुळे पुठ्ठा, सुतळी, रबरी नळी असले झिजवणारे काम करूनही धार पुष्कळ दिवस टिकते. मात्र कडकपणा वाढला की चिवटपणा कमी होतो. मऊ पाते ताण आल्यावर वाकते आणि पुन्हा सरळ करता येते. कडक पाते वाकण्याऐवजी तुटते. म्हणजे महाग चाकू कापण्यात सरस असतो, आणि उचकटण्यात स्वस्त चाकूपेक्षाही कच्चा ठरू शकतो. एवढी एक गोष्ट ध्यानात धरली तर पुढच्या निम्म्या चुका होणारच नाहीत.

चाकूची कटावणी करणे

मागच्या पावसाळ्यात शिरोली एमआयडीसीत काम करणारा एक तरुण रुमालात गुंडाळलेला चाकू घेऊन आला. बेअरिंगची प्लायवूडची पेटी आली होती, झाकण खिळ्यांनी ठोकलेले होते आणि पाना-पकडीची पेटी दुसऱ्या शेडमध्ये होती. तेवढे चालत जाण्याचा कंटाळा आला म्हणून त्याने चाकूचे टोक फटीत घातले आणि मुठीवर भार दिला. झाकण जेमतेम एक बोट वर आले आणि टोकाचा चार मिलिमीटरचा तुकडा लाकडात अडकून राहिला. तो मला म्हणाला, "काका, वीस हजारांचा चाकू हाय, एवढ्यानं मोडंल असं वाटलंच न्हाई." मी त्याला भिंगातून तुटलेली जागा दाखवली. तिथले पोलाद जराही वाकलेले नव्हते. दाणेदार, राखाडी आणि सपाट असा तो भंग होता. घडीच्या चाकूचे टोक सुबक छेद घेता यावा म्हणून मुद्दाम पातळ काढलेले असते आणि बाजूने आलेला भार सोसण्याइतकी जाडी तिथे ठेवलेलीच नसते, हे तो भंग पाहिल्यावर त्याला पटले.

असे टोक दुरुस्त करताना धारेच्या बाजूने घासायचे नसते. तसे केले तर पात्याचा पोटाकडचा बाक बिघडतो आणि टोक वर उचलले जाते. पाठीकडून उतार देत देत पाठ धारेला नव्या जागी मिळवायची, म्हणजे धारेला हात न लावता टोक परत येते. मी हे काम डायमंड प्लेटवर, म्हणजे हिऱ्याचे बारीक कण बसवलेल्या पट्टीवर, पाणी टाकून हातानेच केले आणि त्याला दोन संध्याकाळी लागल्या. चाकू वापरण्याजोगा झाला, पण बंद केल्यावर पात्याचे टोक मुठीच्या बाहेर डोकावत नाही ना, हे अशा दुरुस्तीत पुनःपुन्हा तपासावे लागते.

गुळाच्या ढेपेत टोक खुपसून पिळणे ही याच चुकीची घरगुती आवृत्ती आहे आणि कोल्हापुरात ती सर्रास पाहायला मिळते. ढेप फोडायला बत्ता किंवा हातोडी वापरावी. माझी स्वतःची सवय अशी आहे की बाकाच्या उजव्या खणात एक जुना, जाड स्क्रू ड्रायव्हर आणि एक लहान कटावणी कायम असते, आणि खिशातल्या चाकूबरोबर तुकडे मोडत जाणारा साधा कटरही असतो. जपानमध्ये योशिओ ओकादा यांनी १९५६ मध्ये शोधलेल्या या कटरची धार गेली की पुढचा तुकडा मोडून टाकायचा असतो. त्यामुळे गंजकी पट्टी, सिमेंटचे पोते किंवा वाळू लागलेली दोरी समोर आली की मी तोच काढतो. चांगल्या चाकूला वाळूतून ओढण्यात शौर्य नाही.

ग्राइंडरवर धार लावणे

ही चूक मला सर्वांत जास्त खुपते, कारण ती आमच्याच व्यवसायातील माणसे करतात. उद्यमनगरात ज्या गाळ्यात जाल तिथे बेंच ग्राइंडर असतो आणि लेथचे टूल त्यावर रोज घासले जाते, म्हणून चाकूही त्यावर दोन मिनिटांत निघेल असे वाटते. आमच्या परिचयाच्या एका गृहस्थांनी एम३९० पोलादाचा चाकू जवळच्याच एका गाळ्यात असा घासून घेतला. हातात आला तेव्हा तो केस कापत होता, म्हणून ते खूश झाले. दुसऱ्या दिवशी चार खोके उघडून होतात न होतात तोच तो बोथट झाला. पुन्हा घासला, पुन्हा बोथट झाला. तिसऱ्या खेपेनंतर तो माझ्याकडे आला, तोवर मुठीजवळ धारेला खळगा पडला होता आणि पाते फळीवर ठेवले की मधून उजेड दिसत होता.

यात काय घडते ते समजून घ्यावे. १५० मिलिमीटरचे चाक मिनिटाला २८०० फेरे घेते, तेव्हा त्याचा काठ सेकंदाला सुमारे २२ मीटर वेगाने धावत असतो. धारेचा काठ कागदाहूनही पातळ असल्यामुळे घर्षणाची उष्णता आत मुरायला तिथे पोलादच नसते, आणि पाते हाताला कोमट लागत असतानाही काठ क्षणात भाजून निघतो. लोहार कोयत्याला पाणी देतो ते याच कडकपणासाठी. ग्राइंडरच्या उष्णतेने ते पाणी उतरते, म्हणजे काठ मऊ पडतो. साध्या कार्बन पोलादावर सुमारे ३०० अंश सेल्सिअसला निळी झाक येते आणि चूक निदान डोळ्यांना दिसते. क्रोमियम भरपूर असलेल्या पोलादावर तो रंग बऱ्याच वरच्या तापमानाला उमटतो, म्हणून "रंग कुठे आला, म्हणजे तापलेच नाही" हा युक्तिवाद येथे चालत नाही. पाण्यात बुडवत बुडवत घासले तरी दोन बुडव्यांच्या मधल्या एका सेकंदात जे व्हायचे ते होऊन जाते.

त्या चाकूचा काठ पाणी न उतरलेले पोलाद लागेपर्यंत मागे घ्यावा लागला. तीन रविवार मी डायमंड प्लेटवर तेवढेच काम करत होतो. हा त्रास दोन मिनिटे वाचवण्याच्या मोहातून उभा राहिला, आणि खरे सांगायचे तर नवशिक्यांना मला याच एका गोष्टीबद्दल कळकळीने बोलावेसे वाटते: धार लावणे शिकायला एक महिना द्या. स्वस्तातला एखादा चाकू घ्या आणि त्याच्यावर हात बसवा. धारेच्या उतारावर काळ्या मार्करने रेघ ओढा, दोन हात मारा आणि शाई कुठून गेली ते पाहा. फक्त वरच्या बाजूची गेली तर पाते फार आडवे धरले आहे, फक्त धारेच्या अगदी काठाची गेली तर फार उभे. पूर्ण उताराची शाई एकसारखी जाऊ लागली की कोन सापडला. घडीच्या चाकूला प्रत्येक बाजूने १५ ते २० अंश पुरेसे असतात. आधी एका बाजूने घासत राहून दुसऱ्या बाजूला पूर्ण लांबीभर बर उभी राहिली, म्हणजे बोटाच्या कातडीला बारीक कड अडकू लागली, की मगच बाजू बदलावी. बहुतेक जण इथवर पोहोचण्याआधीच कंटाळून बारीक दगडाकडे वळतात आणि मग दगडाला दोष देतात. व्हॅनेडियम जास्त असलेल्या पोलादाला साधा पांढरा दगड दाद देत नाही, कारण ते कार्बाइड दगडाच्या कणांपेक्षा कठीण असतात. तिथे डायमंड प्लेटच हवी. दोन चाकांमधून पाते ओढायचे धारयंत्र मात्र कोणीही घेऊ नये. ते धार लावत नाही, पोलाद ओरबाडते.

थोडक्यात सांगण्याजोग्या काही चुका

ग्रॅनाइटच्या ओट्यावर, स्टीलच्या ताटात किंवा काचेवर कापू नये. लाकडी पाट घ्यावा.

उघडलेले पाते जागेवर धरून ठेवणारे लॉक तपासण्यासाठी पात्याची पाठ टेबलावर आपटू नये. लॉक कितीही भक्कम असले तरी घडीच्या चाकूने भोसकण्यासारखा जोर लावू नये, कारण लॉक सुटले तर पाते बोटांवरच मिटते.

पिव्होटचा, म्हणजे पाते ज्यावर फिरते त्या सांध्याचा, स्क्रू ढिला झाला तर योग्य मापाचा टॉर्क्स (ताऱ्याच्या आकाराच्या टोकाचा) पानाच वापरावा. हाताला लागेल त्या ॲलन कीने फिरवून गोल केलेले स्क्रू मी इतके पाहिले आहेत की आता त्यावर बोलवत नाही.

घरगुती, शेतीच्या किंवा कारखान्याच्या कामासाठी बनवलेली सोडून, नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याची हत्यारे शस्त्र नियमांच्या कक्षेत येतात. खिशातला चाकू त्याहून पुष्कळ लहान असतो, पण महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ च्या कलम ३७ खालील बंदी आदेशात चाकूचाही समावेश होऊ शकतो. सणासुदीला आणि निवडणुकांच्या काळात असे आदेश निघतात. त्या दिवसांत माझा चाकू वर्कशॉपच्या खणातून बाहेर पडत नाही.

ओला चाकू मिटून खिशात घालणे

जून ते सप्टेंबर आपल्याकडे हवाच ओली असते. 'स्टेनलेस' या शब्दावर विसंबून लिंबू, आंबा किंवा कांदा चिरलेले पाते तसेच मिटले, तर पिव्होटपाशी तांबूस ठिपके पडतात. डी२ पोलादात क्रोमियम सुमारे १२ टक्के असले तरी त्याचा बराचसा भाग कार्बाइडमध्ये अडकलेला असतो, त्यामुळे ते खऱ्या अर्थाने स्टेनलेस नव्हे. ओपिनेल या फ्रेंच कंपनीचा कार्बन पोलादाचा चाकू तर उघड उघड गंजतो, शिवाय त्याची बीच लाकडाची मूठ पाणी पिऊन फुगते आणि पाते बाहेर निघेनासे होते. मी पाते कोमट पाण्याने धुतो, सुती फडक्याने पुसतो आणि पंधरा मिनिटे उघडेच ठेवतो. खाण्याचे पदार्थ कापायच्या पात्याला मेडिकलमध्ये मिळणारे लिक्विड पॅराफिन बोटभर चोळतो. खोबरेल तेल कालांतराने चिकट होते. पिव्होटला शिवणयंत्राच्या तेलाचा एकच थेंब पुरतो.

बोथट होईपर्यंत थांबणे

चप्पल लाईन या चपलांच्या बाजारपेठेजवळ कारागिराला रापी, म्हणजे चामडे कापायचे हत्यार, चालवताना मी अनेकदा उभा राहून पाहिले आहे. बोथट झाल्याची तक्रार तो कधी करत नाही, कारण तेवढी वेळच येऊ देत नाही. दर थोड्या वेळाने रापी दगडावर आणि मग चामड्यावर फिरते आणि काम पुढे चालू राहते. चाकूवाले मात्र सहा महिने धारेकडे पाहत नाहीत आणि मग एकाच बैठकीत सगळे वसूल करायला जातात. कोल्हापुरी चपलेचे कातडे बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेले असते. ते घट्ट असते आणि दाबले जात नाही, त्यामुळे धार पुसायला उत्तम. कारागिराकडून मागून आणलेली वीतभर पट्टी मी लाकडी फळीवर चिकटवली आहे आणि तिच्यावर डायमंड पेस्ट लावली आहे. संध्याकाळी शटर ओढण्यापूर्वी पाते त्यावर पाठीच्या दिशेने, वजन न देता, प्रत्येक बाजूने दहा वेळा ओढतो. माझा रोजचा चाकू त्यामुळे तीन-चार महिन्यांतून एकदाच प्लेटवर जातो.