इंग्रजी सर्वनामं: 'मला' दिसलं की 'मी' ठोकू नका

देवनागरीत लिहिलं की गंमत होते. आपला 'मी' म्हणजे इंग्रजीतला 'आय', आणि इंग्रजीतला 'मी' म्हणजे आपला 'मला'. शाळेत ही जोडी घोकून घेतात आणि पहिली चूक तिथूनच सुरू होते.

'मला भूक लागली', 'मला दोन भाऊ आहेत', 'मला हे आवडतं'. इंग्रजीत तिन्हीकडे 'आय': 'आय ॲम हंग्री', 'आय हॅव टू ब्रदर्स', 'आय लाइक इट'. मराठीत शब्दाचं काम प्रत्यय सांगतो, इंग्रजीत मुख्यतः जागा. 'रामाने रावणाला मारलं' हे शब्द कसेही फिरवा, मरतो रावणच. इंग्रजीत 'रावण किल्ड राम' म्हटलं की रामायणच उलटं! म्हणून साध्या विधानात क्रियापदाआधीच्या कर्त्याला आय, ही, शी, दे; क्रियापदानंतरच्या कर्माला आणि टू, फॉर, विथ, बिटवीन यांच्यानंतर मी, हिम, हर, देम.

जोडी आली की चांगले शिकलेलेही घसरतात. लहानपणी 'मी अँड राजू'वरून ओरडा खाल्लेला असतो, त्यामुळे 'आय' जास्त सभ्य वाटतो आणि 'द मॅनेजर कॉल्ड स्नेहा अँड आय' तोंडातून जातं. स्नेहाला क्षणभर बाजूला करा. 'कॉल्ड आय' कानाला टोचतंच ना? मग 'स्नेहा अँड मी'. 'बिटवीन यू अँड मी'चंही तेच.

'आपला' तर भलताच फसवतो. 'तिने आपल्या भावाला फोन केला' याचं 'शी कॉल्ड अवर ब्रदर' केलं, तर तो भाऊ आपल्या सगळ्यांचा होतो. हवं 'हर ब्रदर'. भाऊ पुरुष म्हणून 'हिज'ही नको. 'तिचा'मधला 'चा' भावाकडे बघून ठरतो. 'हर' फक्त तिच्याकडे बघतो.

ओळख करून देताना 'मायसेल्फ सुरेश' नको, 'आय ॲम सुरेश' पुरे. 'आय हर्ट मायसेल्फ'मध्ये करणारा आणि लागलेला एकच, तिथे तो शोभतो.

एक बारीक जागा राहिली. 'स्विच ऑफ द फॅन' आणि 'स्विच द फॅन ऑफ' दोन्ही चालतात. पण फॅनऐवजी 'इट' आलं की ते मध्येच बसतं: 'स्विच इट ऑफ'. तसंच 'पिक हिम अप'. मात्र 'लुक ॲट इट' फोडायला जाऊ नका, तिथे 'ॲट'ला 'लुक'ला चिकटूनच राहायचं असतं.