बेदाण्याच्या बॉक्सच्या मागे चालत जा: जिल्हा नियोजनात नव्याने येणाऱ्यांसाठी

नियोजन शाखेत नव्याने आलेल्या मुलामुलींना मी पहिल्या दिवशी एकच काम देते. बाहेर पडा आणि संध्याकाळपर्यंत एक पावती घेऊन या. वस्तू विकत घेतल्याची नको, कुणीतरी कुणासाठी काम केलं त्याची हवी. कुणी रक्त तपासल्याची आणतं, कुणी वजनकाट्याची, कुणी शीतगृहाच्या भाड्याची. मग पुढचे पाच दिवस त्या पावतीमागची माणसं शोधायची. सेवाक्षेत्राचं नियोजन शिकायचा याहून चांगला रस्ता मला तरी अजून सापडलेला नाही.

माझी पदवी संख्याशास्त्राची. या कामात आले तेव्हा नियोजन म्हणजे लेखाशीर्ष (अंदाजपत्रकातलं खर्चाचं खातं), प्रशासकीय मान्यता, निधी वितरण आणि मार्चअखेरचा खर्च एवढंच समजत होते. सेवाक्षेत्र वाढवायचं असं वरून पत्र आलं, म्हणून मी नावीन्यपूर्ण योजनेतून एका तालुक्यात संगणक केंद्राचा प्रस्ताव तयार केला. हॉल, तीस संगणक, जनरेटर. इथली मुलं बाहेरच्या कंपन्यांची कामं इथेच बसून करतील, असं मी टिपणीत लिहिलं. ते काम देणार कोण, हे कुठेच लिहिलं नव्हतं आणि मला कुणी विचारलंही नाही. इमारत झाली, उपयोगिता प्रमाणपत्र आलं, खर्च शंभर टक्के दिसला. दीड वर्षाने तिथे गेले तेव्हा संगणकांवरचं प्लास्टिकही निघालेलं नव्हतं. किल्ली शेजारच्या किराणा दुकानात होती. उद्घाटनाच्या दिवशी सगळ्यात आधी नाव नोंदवलेली मुलगी नोकरीसाठी पुण्याला निघून गेली होती. ते मला आजही बोचतं. मी जे शिकवते त्याची सुरुवात त्या कुलुपापासून झाली आहे.

ही चूक एकट्या माझी नव्हती, आपल्या नियोजनाचं वळणच तसं आहे. एमआयडीसी १९६२ ची, सामूहिक प्रोत्साहन योजना १९६४ ची. भूखंड द्या, शेड उभी करा, यंत्रं बसली की सवलत द्या. कारखान्यासाठी ही रीत बरोबरच होती. सेवांकडे सरकारचं लक्ष गेलं ते बरंच उशिरा आणि तेही आधी कराच्या बाजूने. १९९४ मध्ये सेवाकर आला तेव्हा तो फक्त तीन सेवांवर होता: टेलिफोन, सर्वसाधारण विमा आणि शेअर दलाली. लघुउद्योगांच्या २००६ च्या कायद्यात उत्पादन आणि सेवा यांच्यासाठी गुंतवणुकीच्या मर्यादा वेगवेगळ्या होत्या, त्या २०२० मध्ये एक झाल्या. कागदावर दोघांना सारखी जागा मिळाली. आपल्या टिपण्या मात्र अजून चौरस फुटांतच विचार करतात.

दुसरी अडचण आकड्यांची. पिकाची नोंद सातबाऱ्यावर मिळते, नोंदणीकृत कारखान्यांसाठी वार्षिक उद्योग पाहणी आहे. सेवांसाठी जिल्हा पातळीवर असं काही हाताशी नसतं. सहावी आर्थिक गणना २०१३ ची आणि तेवढ्या वर्षांत बाजारपेठा पार बदलून गेल्या. जिल्हा उत्पन्नाच्या अंदाजात सेवांचा बराचसा भाग राज्याच्या आकड्यातून, कामगारसंख्येसारख्या निर्देशकांवर वाटून येतो. म्हणजे जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचनात सेवाक्षेत्राचा वाटा वाढलेला दिसला, तरी तुमच्या तालुक्यात नेमकं काय घडलं हे त्यावरून कळेलच असं नाही. नवीन मुलं त्या टक्क्यांवरून परिच्छेदच्या परिच्छेद लिहितात. तसं करू नका. आकडा कसा तयार झाला हे आधी विचारा, मग त्याच्यावर बोला.

राष्ट्रीय औद्योगिक वर्गीकरण, म्हणजे एनआयसी २००८, हे पुस्तक पहिल्याच महिन्यात वाचून काढा. ए ते यू असे २१ विभाग आहेत आणि सेवा साधारण जी पासून सुरू होतात. वाचायला रुक्ष आहे हे खरं. पण ते वाचलं की डोळ्यांसमोरचा बाजार वेगळा दिसू लागतो.

सांगली जिल्ह्यातलं तासगाव घ्या. आम्ही प्रशिक्षणार्थींना तिथे नेतो आणि बेदाण्याच्या एका बॉक्सच्या मागे चालायला लावतो. शेतकऱ्याने द्राक्षं रॅकवर वाळवली, इथपर्यंत शेती. मग टेम्पो आला, ती वाहतूक. धुणं, काड्या काढणं, रंग आणि आकारानुसार निवडणं हे भाड्याने करून दिलं आणि माल अजून पहिल्या बाजारात गेलेला नसेल, तर वर्गीकरणात ती शेतीपूरक सेवा धरतात, म्हणजे ए विभागातच. इथे निम्मी मुलं चुकतात. पुढे शीतगृह, ते एच विभागात, क्रमांक ५२. मग अडत, तोलाई, हमाली, विमा, ठेवलेल्या मालावर उचललेलं कर्ज. सौद्याच्या दिवशी बॉक्स उघडून नमुना बघणारा आणि मूठभर बेदाणा तळहातावर चोळून त्याचा दर्जा सांगणारा माणूस, तोही सेवाच देत असतो. आमच्या एका तुकडीने एका बॉक्समागे अकरा वेगळी कामं मोजली. त्याआधी त्यांच्या वहीत ‘शेतमाल’ एवढा एकच शब्द होता.

शीतगृहाच्या दारात एका शेतकऱ्याला एका मुलीने विचारलं, ‘‘काका, भाडं भरून इथं ठेवायचं कशाला? लगेच विकला तर?’’

‘‘लगेच इकला तर व्यापारी म्हणंल तो दर,’’ ते म्हणाले. ‘‘इथं ठेवला की मी म्हणंन तवा इकतो. भाडं त्याचंच देतोय, पोरी.’’

मला वर्गात अर्धा तास घेऊन जे समजावता आलं नसतं ते काकांनी दोन वाक्यांत सांगितलं. शेतकरी तिथे थंडी विकत घेत नाही, थांबायची ताकद विकत घेतो. एकदा हे कळलं की प्रस्ताव बदलतो. आणखी एक शीतगृह बांधायचं की आहे त्या शीतगृहांची गोदाम नियामक प्राधिकरणाकडे नोंदणी व्हावी म्हणून मदत करायची, म्हणजे तिथे ठेवलेल्या मालाच्या पावतीवर बँक सहज कर्ज देईल, हा प्रश्न मग तुम्हाला आपोआप पडतो. सांगलीजवळच्या हरिपूरला हळद साठवायची जमिनीखालची पेवं होती. तेही हेच काम होतं, वर्गीकरणाचं पुस्तक जन्माला यायच्या कितीतरी आधीचं.

मग मिरज. तिथे मात्र पहाटेच पोचावं लागतं. पुणे, कोल्हापूर, बेळगाव, पंढरपूर अशा चारही दिशांच्या रेल्वे या जंक्शनवर मिळतात. १८९४ मध्ये डॉ. वॉनलेस यांनी इथे रुग्णालय सुरू केलं आणि तेव्हापासून कर्नाटकातूनही माणसं उपचारांसाठी मिरजेला येत आली आहेत. मुलांना मी फलाटाबाहेर उभं करते आणि सांगते, हातात फाइल आणि एक्स-रेची पिशवी असलेली माणसं बघा. ती कुठून आली, कुठे राहणार, किती दिवस, सोबत कोण, जेवणार कुठे, एवढंच विचारा. आधी परवानगी घ्या. रुग्णाला थांबवू नका, सोबतच्याशी बोला. आजाराबद्दल विचारायचं नाही, नाव लिहायचं नाही.

दुपारी वर्गात बसलो की फळ्यावर एका रुग्णाभोवतीची माणसं मांडायची. डॉक्टर आणि नर्स तर असतातच. त्यांच्याशिवाय लॅबवाला, औषधदुकान, रिक्षा, लॉज, खानावळ, चादरी धुणारा, झेरॉक्सवाला. जिल्ह्याबाहेरचा पैसा जिल्ह्यात येतो तो असा, माणसाच्या पायांनी. जागतिक व्यापार संघटनेच्या सेवा करारात सेवा पुरवण्याचे चार प्रकार आहेत. ग्राहक सेवेपाशी चालत येतो, हा त्यातला दुसरा. करार १९९५ चा आणि देशादेशांतला. पण तो प्रकार मुलांच्या लक्षात राहतो मिरज स्टेशनमुळेच.

मिरजेत वेळ उरला तर सतारमेकर गल्लीत जाऊन या. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याची बातमी सगळ्यांनी वाचलेली असते. वाद्य विकलं जातं एकदाच. जवारी, म्हणजे तारांखालची घोडी घासून आणलेला नाद, मात्र पुन्हा पुन्हा काढून घ्यावी लागते आणि तो हात ज्याच्याकडे असतो त्याच्याकडे वादक वर्षानुवर्षं येत राहतो. मानांकन मिळालं वस्तूला. त्या हाताची पुढची पिढी तयार होते आहे का, हे बघणंसुद्धा नियोजनातच येतं, असं मला मनापासून वाटतं.

शेवटच्या दिवशी मुलांनी सरावासाठी प्रस्ताव लिहायचे असतात. एका तुकडीतल्या एका गटाने रुग्णांच्या नातेवाइकांसाठी तीन मजली निवास आखला, नकाशासकट. दुसऱ्या गटात नांदेडचा एक मुलगा होता. सीमाभागात वाढलेला, त्याला कानडी येत होतं. स्टेशनवर एक म्हातारे गृहस्थ त्याला चिठ्ठी दाखवून पत्ता विचारत होते आणि चिठ्ठी कानडीत होती. त्या गटाने मागितल्या फक्त मराठी-कानडी पाट्या, स्टेशनपासून दवाखान्यांपर्यंत, आणि सकाळच्या गाड्यांच्या वेळी बसणारी दोन माणसं.

मी दोन्ही गटांना तेच तीन प्रश्न विचारले. हे रोज कोण चालवणार? त्याचा पगार दुसऱ्या वर्षी कुठून येणार? बंद पडलं तर आधी कुणाला कळणार? निवासवाला गट पहिल्याच प्रश्नाला गप्प झाला. पाट्यांचा गट दुसऱ्या प्रश्नाला अडला, कारण भांडवली लेखाशीर्षातून माणसांचा पगार निघत नाही. पण त्यांनी ती टिपणी माझ्यापुढे ठेवून दिली नाही. रिक्षा संघटना आणि औषधदुकानदार मिळून दोन माणसांचा खर्च उचलतील का, हे विचारून येतो म्हणाले, आणि संध्याकाळी सगळे पुन्हा स्टेशनकडे निघाले. नांदेडच्या मुलाने जाताना माझ्याकडून कोरी वही मागून घेतली. त्याची भरली होती.