सणाची गाणी शिकवताना या चुका टाळा

श्रावण लागला की पेटीच्या क्लासातल्या मुलांचं लक्ष अलंकारांवरून, म्हणजे सरावाच्या स्वररचनांवरून, उडतं. घरी गणपती येणार असतो, आरती वाजवायची असते. ही ओढ फार मोलाची आहे. ती नीट वापरली नाही, तर उलट मूल पेटीपासून लांब जातं, हे मी पाहिलंय.

सगळ्यात मोठी चूक पट्टीची, म्हणजे पेटीच्या कुठल्या पट्टीला सा मानून गायचं, त्याची. माझ्याकडच्या दहा वर्षांच्या मुलाने महिनाभर खपून काळी पाचमध्ये आरती बसवली होती. क्लासात एक बोट चुकत नव्हतं. घरी मात्र काकांनी टाळ घेऊन थेट सुरुवात केली, ती पांढरी दोनच्या आसपास. पोरगं दोन ओळी सूर शोधत राहिलं, मग भाता मिटून मांडीवर हात ठेवून बसलं. दिवाळीपर्यंत त्याने पेटी उघडली नाही. चूक त्याची नव्हती. आरतीला सूर पेटीने द्यायचा असतो, हे मी त्याला सांगितलंच नव्हतं. आता आधीच बजावते: तू सा धर, मोठ्याने ‘सूर घ्या’ म्हण, मगच आरती. शिवाय तीच चाल दोन पट्ट्यांत बसवून घेते, एक मुलाच्या गळ्याची, एक घरच्या मोठ्यांची. घरच्या आरतीत लय चढत जाते, म्हणून ठेका हळूहळू वाढवत सराव घेते. मध्येच बोटं चुकली तर भाता थांबवायचा नाही. सा धरून ठेवायचा आणि ध्रुवपदाला पुन्हा सगळ्यांना गाठायचं.

उशिरा सुरुवात ही दुसरी चूक. आठवडाभर आधी घेतलेली आरती नुसती घोकंपट्टी होते. आषाढी एकादशीपासून गणेश चतुर्थीपर्यंत, अधिक महिना मध्ये आला नाही तर, साधारण सात आठवडे मिळतात. तेवढे पुरतात.

‘पेटीची परीक्षा नोव्हेंबर-डिसेंबरात, मग ही गाणी कशाला?’ असं पालक विचारतात. त्यांचं बरोबरच आहे, कारण आपण सणाचं गाणं आणि अभ्यासक्रम यांचे दोन कप्पे करतो. ते मोडायचे तर पावसाळ्यात देस हा राग घ्या. आरोहात (सूर चढताना) शुद्ध नी, अवरोहात (उतरताना) कोमल, म्हणजे थोडा खालचा नी, हे मुलं पाऊस ऐकत आनंदाने गिरवतात. ऋतू आहे म्हणून लहानांना मियाँ मल्हार हा पावसाचा राग मात्र देऊ नका. लागोपाठचे दोन निषाद (नी) आणि आंदोलित, म्हणजे झुलवत घ्यायचा गंधार (ग) त्यांना पेलत नाहीत आणि ती हिरमुसतात.

दिवाळीच्या सुट्टीत दहा अलंकारांची यादी दिली, तर वही तशीच कोरी परत येते. मी एकच काम देते. गावी देवळात कार्तिकाचा काकडा, म्हणजे पहाटेची काकड आरती, असतो, तिथे जा, एक अभंग आजी-आजोबांच्या चालीत शिकून या. गेल्या सुट्टीनंतर एक मुलगी पहिल्याच दिवशी आजोबांची चाल गात आली. भजनी ठेक्याच्या आठ मात्रा हाताने मोजत आम्ही सगळ्यांनी मिळून तिचं नोटेशन फळ्यावर लिहिलं. एके ठिकाणी कोमल नी की शुद्ध, यावर मुलांचं एकमत होईना, तेव्हा तिने तिथूनच आजोबांना फोन लावला.