टायर, ट्यूब, छर्रे : नवं घेण्याआधी जुनं वाचा

दुकानात ‘सव्वीसचा टायर द्या’ म्हणून आणलेला टायर घरी रिमवर बसतच नाही, ही तक्रार बहुतेक सायकलवाल्यांनी कधी ना कधी केलेली असते. दुकानदाराने फसवलेलं नसतं. सव्वीस म्हणून विकले जाणारे टायरच एकाहून जास्त मापांचे असतात. म्हणून सायकलला काहीही नवं टाकायचं असलं, तरी सुरुवात जुना भाग नीट बघण्यापासून करावी.

माप कसं वाचायचं

टायरच्या बाजूच्या भिंतीवर इंचाच्या मापाबरोबर ‘३७-५९०’ असा एक जोड-आकडा असतो. पहिला आकडा टायरची रुंदी, दुसरा रिमवर टायर जिथे बसतो तिथला व्यास, दोन्ही मिलिमीटरमध्ये. हा दुसरा आकडा जुळलाच पाहिजे. साध्या सायकलचा २६ × १ ३/८ टायर ५९० चा असतो आणि एमटीबीचा (डोंगर-वाटांच्या माउंटन बाइकचा) २६ × १.९५ टायर ५५९ चा. तब्बल ३१ मिलिमीटरचा फरक, तरी दोघांचं नाव सव्वीस! जुन्या काळ्या सायकलींचा २८ × १ १/२ हा ६३५, तर हायब्रिड आणि रोड बाइकचा ७०० सी हा ६२२. एमटीबीचा २९ इंची टायरही ६२२ च असतो, फक्त रुंद. २७.५ म्हणजे ५८४. आकडा पुसला गेला असेल तर जुना टायरच दुकानात न्यावा, फोनवर माप सांगत बसू नये.

रुंदीत थोडं इकडेतिकडे चालतं, पण फ्रेम, फोर्क आणि मडगार्डला टायर घासणार नाही एवढी जागा आधी बघून घ्या.

ट्यूब ताणली जाते, त्यामुळे तिच्या मापात थोडी सवलत मिळते. व्हॉल्व्हच्या बाबतीत ती मिळत नाही. मोटारसायकलसारखा जाड व्हॉल्व्ह बारीक प्रेस्टा व्हॉल्व्हसाठी पाडलेल्या भोकात जात नाही. तो जावा म्हणून ड्रिलने भोक मोठं करून देणारे मेकॅनिक भेटतात. अरुंद रिमवर हे करू देऊ नका, तिथे ती कमजोर होते.

ट्यूब बदलताना

चाक काढा, उरलेली हवा सोडा आणि टायरची कड सगळीकडून दाबून रिमच्या मधल्या खोलगट भागात ढकला. तिथे व्यास कमी असल्याने कड सैल पडते. मग व्हॉल्व्हपासून लांब दोन टायर लिव्हर (कड उचकटायच्या पट्ट्या) लावून एक बाजू बाहेर काढा. स्क्रूड्रायव्हर वापरू नका, एक पंक्चर काढता काढता दुसरं होतं.

जुनी ट्यूब लगेच फेकू नका. तिच्यात हवा भरून भोक कुठे आहे ते पाहा. बाहेरच्या, रस्त्याकडच्या बाजूला असेल तर बाभळीचा काटा, काच किंवा तार. आतल्या, रिमकडच्या बाजूला असेल तर रिम टेप (रिमच्या आतली पट्टी) सरकली आहे किंवा चाकाच्या तारेचं, म्हणजे स्पोकचं, टोक वर आलं आहे. अशा वेळी कितीही नव्या ट्यूब टाका, पंक्चर तिथेच होणार. शेजारी शेजारी दोन चिरा दिसल्या तर हवा कमी होती आणि खड्ड्यात ट्यूब रिम व टायरमध्ये चिमटली. ट्यूब टायरजवळ तशीच धरली की काटा कुठे असेल ते कळतं. टायरच्या आतून बोट न फिरवता फडकं फिरवा. ते जिथे अडकेल तिथे काटा. टायर बसवताना त्याच्यावरचं नाव नेहमी व्हॉल्व्हसमोर ठेवलं, तर पुढच्या वेळी ही शोधाशोध आणखी सोपी होते.

नवी ट्यूब गोल होईल एवढीच हवा भरून आत बसवा. टायरची कड व्हॉल्व्हच्या विरुद्ध बाजूने चढवत या आणि व्हॉल्व्हपाशी संपवा. शेवटचा घट्ट भाग हाताच्या तळव्याने ढकला. मग व्हॉल्व्ह एकदा आत दाबून सोडा, म्हणजे कडेखाली अडकलेली ट्यूब मोकळी होते. टायरवर लिहिलेला पीएसआयचा आकडा बहुधा कमाल मर्यादा असतो, रोज तेवढी हवा भरायची नसते.

छर्रे आणि कोन

रिम धरून आडवी हलवा. अ‍ॅक्सलपाशी खटखट जाणवली किंवा चाक हाताने फिरवताना खरखर लागली, तर हब, म्हणजे चाकाचा मधला छर्ऱ्यांचा भाग, उघडायची वेळ झाली. पावसाळ्यानंतर तर हे बघावंच. सर्व्हिस स्टेशनवर प्रेशरने सायकल धुणाऱ्यांनी जास्तच, कारण तो फवारा ग्रीस धुऊन पाणी आत घालतो.

एका बाजूचा लॉकनट आणि कोन (अ‍ॅक्सलवरचा, छर्ऱ्यांना टेकणारा निमुळता नट) काढा, दुसरी बाजू तशीच राहू द्या. खाली कापड अंथरा, छर्रे मोजा. साधारणपणे पुढच्या हबला ३/१६ इंचाचे दहा-दहा आणि मागच्या हबला १/४ इंचाचे नऊ-नऊ असतात. सगळं रॉकेल किंवा डिझेलने धुऊन कोरडं करा. हे टायरला आणि ब्रेकला लागू देऊ नका. आता कोनचा गोल मार्ग उजेडात बघा. तिथे बारीक खड्डे पडले असतील तर नुसते छर्रे बदलणं म्हणजे पैसे वाया घालवणं. कोन बदला. हबच्या आतला कपच खराब असेल तर साध्या सायकलला नवा हब घेणं बरं. छर्रे सगळे एकदम बदला, जुन्यात नवे मिसळू नका. ग्रीसमध्ये हात आखडू नका.

खरं कौशल्य कोन बेतात बसवण्यात आहे. लॉकनट आवळताना कोन आणखी थोडा आवळला जातो, हे धरून आधी तो किंचित सैल ठेवा. कोन पातळ पान्ह्याने स्थिर धरा, मगच लॉकनट आवळा. क्विक रिलीज (पान्ह्याऐवजी लिव्हरने आवळायच्या) चाकात अगदी नावापुरती ढिलाई ठेवा, लिव्हर बंद केल्यावर ती नाहीशी होते.

सीलबंद बेअरिंग असेल तर छर्रे मोजायची कटकट नाही. सीलवरचा नंबर वाचा. ६००१ म्हणजे आतून १२, बाहेरून २८, जाडी ८ मिलिमीटर. त्याच मापाचं बेअरिंग औद्योगिक बेअरिंगच्या दुकानातही मिळतं. हबमध्ये बसवताना दाब बाहेरच्या कड्यावर द्या.

बीबी (बॉटम ब्रॅकेट, म्हणजे पेडलच्या दांड्यांमधलं बेअरिंग) उघडणार असाल तर एक लक्षात ठेवा. सर्रास आढळणाऱ्या बीएसए आट्यांच्या बीबीत चेनच्या बाजूचा कप उलट आट्यांचा असतो, घड्याळाच्या दिशेने फिरवला की सुटतो.

नवे छर्रे टाकल्यावर दोन-चार फेऱ्यांनी कोन थोडा सैल पडू शकतो. तेव्हा चाक पुन्हा आडवं हलवून बघा आणि अ‍ॅक्सलचे नटही तपासा.