जुने हाइस्टपट ऑनलाइन संग्रहांत शोधताना या चुका टाळा

शोधायच्या चौकटीत नुसतं ‘हाइस्ट’ (म्हणजे आखून केलेला दरोडा) टाकलं तर फारसं काही हाती लागत नाही. जुने दरोडापट बहुतेकदा ‘क्राइम’, ‘रॉबरी’ किंवा ‘फिल्म न्वार’ (काळोख्या वातावरणाचे जुने गुन्हेपट) या शीर्षकांखाली नोंदलेले असतात. इंटरनेट अर्काइव्ह या मोफत ऑनलाइन संग्रहावर फिल्म न्वारचा स्वतंत्र संग्रहच आहे, तिथून सुरुवात करा. एकाच नावावरही अडून बसू नका. 1952 चा ‘कॅन्सस सिटी कॉन्फिडेन्शियल’ ब्रिटनमध्ये ‘द सीक्रेट फोर’ नावाने लागला होता. स्टीव्ह मॅक्वीनचा 1959 चा ‘द सेंट लुईस बँक रॉबरी’ कुठे नावात ‘ग्रेट’ लावून सापडतो, कुठे त्याशिवाय. हा जरूर शोधा, कारण खरा दरोडा जिथे पडला त्याच बँकेत त्याचं चित्रीकरण झालं आहे.

सर्वांत जास्त फसगत होते ती प्रिंट निवडताना. एकाच चित्रपटाच्या चार-पाच प्रती दिसतात आणि आपण पहिलीवर क्लिक करतो. आधी लांबी बघा. ‘कॅन्सस सिटी’ 99 मिनिटांचा आहे. प्रत 95 मिनिटांची असेल तर घाबरू नका. सेकंदाला 24 चौकटींचा (फ्रेमचा) चित्रपट 25 च्या वेगाने चालवला की तो एवढा आखडतो, कापलेलं काहीच नसतं. पण 80 मिनिटांचीच असेल तर सरळ सोडून द्या. दरोड्याच्या आखणीतला एक प्रसंग गेला तरी पुढचं सगळं निरर्थक होतं. वेग वाढवलेल्या प्रतीत मूळ वेगासाठी बनवलेली सबटायटलही हळूहळू मागे पडत जातात. ती नुसती मागे-पुढे सरकवून जुळत नाहीत, व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये त्यांचा वेगच बदलावा लागतो.

एडविन पोर्टरच्या ‘द ग्रेट ट्रेन रॉबरी’त (1903) थेट प्रेक्षकांवर गोळी झाडणारा दरोडेखोर सुरुवातीलाच दिसला, तर प्रत बिघडलेली समजू नका. ते दृश्य आरंभी दाखवा किंवा शेवटी, अशी मुभा तेव्हा प्रदर्शकांना होती.

चित्रपट संग्रहात आहे म्हणून तो हक्कमुक्त आहे, असंही धरू नका. तिथे कोणीही फाइल चढवू शकतो. अमेरिकेत 1964 पूर्वीच्या चित्रपटांचा कॉपीराइट 28 व्या वर्षी नूतनीकरण न केल्यास संपायचा, म्हणून त्या काळातले अनेक चित्रपट तिथे मोकळे आहेत. इतर देशांत नियम वेगळे. मूकपटाला नव्याने जोडलेल्या संगीतावर तर वेगळा हक्क असू शकतो. नुसतं पाहण्यापलीकडे, तुकडे वापरायचे असतील तर हे आधी तपासा.

ऑनलाइन पाहताना चित्र धूसर दिसलं तर डाउनलोडच्या यादीतली मूळ, सर्वांत मोठी फाइल घ्या.